खालाची वही

(लग्न हा आनंदाचा प्रसंग असतो. तेथूनच दोन माणसांचा एक हिशेबही सुरू होतो. त्या हिशेबाची ही हकीकत आहे.)

माझी थोरली खाला मालेगावला राहत असे. तिच्या लोखंडी पेटीत तीन वस्तू कायम असत: निकाहनामा, सोनाराची पावती आणि लाल पुठ्ठ्याची एक वही. सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो की ती वही पाहायला मिळे. वहीला हात लावायची मात्र परवानगी नव्हती.

खालूजान यंत्रमागावर काम करीत. आठवड्याचा पगार ते खालाच्या हाती देत. घरभाडे, किराणा, दूध, मुलांची फी, पाहुण्यांसाठी आणलेली मिठाई, सारे काही वहीत लिहिले जाई. गल्लीतल्या दहा बायकांची भिशी होती. दरमहा प्रत्येकी शंभर रुपये जमत आणि ज्या बाईचा नंबर लागे, तिला एकदम हजार रुपये मिळत. भिशीत व्याज नसते. शिवाय भिशी चालवणारी बाई गाव सोडून गेली, तर पैसे कोणाकडे मागायचे? म्हणून खालाने पुढे पोस्टात स्वतःच्या नावाने खाते उघडले. मला ही गोष्ट त्या वेळी फार मोठी वाटली होती. आमच्या घरात तेव्हा कोणत्याच बाईचे खाते नव्हते.

1992 साली खालूजानांनी स्वतःचा माग घ्यायचे ठरवले. पैसे कमी पडले. खालाने माहेरच्या चार बांगड्या विकल्या. माग आला आणि कागदावर खालूजानांचे नाव लागले. त्या रात्री खालाने वहीत लिहिले, 'चार बांगड्या, पाच तोळे, मागासाठी दिल्या.'

खालूजान हसले. "घरातल्या घरात कसली नोंद करतेस?"

"विसरू नये म्हणून," खाला म्हणाली.

दहा वर्षांनी, 2002 साली, त्यांचा तलाक झाला. कारण आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही. आज मला ते ठाऊक आहे, पण इथे त्याचे काम नाही. खाला पेटी घेऊन आमच्या घरी आली.

पहिला प्रश्न मेहरचा होता. मेहर ही पत्नीची स्वतःची मालमत्ता. तो दोन प्रकारचा असतो. मुअज्जल मेहर मागताक्षणी द्यावा लागतो. मुवज्जल मेहर नंतर, बहुधा तलाक किंवा मृत्यूच्या वेळी दिला जातो. उर्दूत लिहिताना एका शब्दात 'ऐन' येतो, दुसऱ्यात 'हमजा' आणि 'वाव'. बोलताना हा फरक कानाला जेमतेम कळतो, पण पैशाच्या दृष्टीने तो सबंध आयुष्याएवढा असू शकतो. निकाहनामा वाचताना हे अक्षर नीट पाहावे.

खालाचा निकाह 1975 चा. मेहर 2,500 रुपये, मुवज्जल. त्या सुमारास दहा ग्रॅम सोने साडेपाचशे रुपयांच्या आसपास मिळे; म्हणजे मेहर जवळजवळ चार तोळे सोन्याएवढा होता. 2002 मध्ये हाच भाव पाच हजारांच्या आसपास होता. निकाहनाम्यावरचा आकडा तोच होता, पण त्यात आता अर्धा तोळाही सोने येत नव्हते! खालूजानांनी मेहर पूर्ण दिला, तरी तिच्या हाती फारसे काही आले नसते.

नाशिकच्या एका वकीलबाईंनी आम्हांला कायदा समजावून सांगितला. इंदूरच्या शाहबानो बेगम यांना तलाकनंतर न्यायालयाने प्रथम महिना 25 रुपये पोटगी मंजूर केली होती. 1980 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती 179 रुपये 20 पैसे केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने शाहबानोंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर देशभर वाद झाला आणि 1986 मध्ये मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा आला. इद्दतीपुरतेच पैसे द्यावेत, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. पण 2001 च्या दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इद्दतीच्या मुदतीत द्यायचे ते केवळ तीन महिन्यांचे जेवणखाण नव्हे. स्त्रीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद त्या मुदतीत करावी लागते. (10 जुलै 2024 रोजी याच न्यायालयाने स्पष्ट केले की, पोटगीचा सर्वांना लागू असलेला सामान्य कायदाही तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीला वापरता येतो.)

"कायदा तुमच्या बाजूचा आहे," वकीलबाई म्हणाल्या, "पण बांगड्यांचे काय? माग त्यांच्या नावावर आहे. पुरावा आहे का?"

खालाने पावती आणि वही पुढे ठेवली.

कोर्टात जाण्याआधी दोन्हीकडचे वडीलधारे आमच्या ओट्यावर बसले. वही खालूजानांच्या हातात दिली. ते ती ओळ बराच वेळ पाहत राहिले. त्या वेळी ते सहज म्हणू शकले असते की, ही वही तुझी, अक्षर तुझे, मला काय ठाऊक? ते तसे म्हणाले नाहीत.

"बांगड्या घेतल्या होत्या," ते म्हणाले. "पाच तोळेच होत्या."

त्या दिवशीच्या भावाने पाच तोळ्यांची किंमत, मेहर आणि पुढची तरतूद म्हणून एक रक्कम ठरली. सारे लिहून दोघांनी सह्या केल्या. पैसे हप्त्याने आले, कधी उशिराही आले. प्रत्येक हप्ता वहीत चढला. त्या पैशांतून खालाने दोन शिलाई यंत्रे घेतली आणि या वेळी पावती स्वतःच्या नावाने करून घेतली.

2004 मध्ये माझा निकाह ठरला. मेहरची रक्कम विचारली गेली तेव्हा अम्मी गप्प होती. अशा वेळी मुलीकडच्यांनी फार बोलू नये, असे तिला वाटे. आतल्या खोलीतून खालाचा आवाज आला, "रुपये नकोत, तोळे लिहा. आणि 'ऐन' नीट काढा."

काजीसाहेब हसले. त्यांनी लेखणी उचलली आणि 'ऐन' काढला.

स्वाध्याय

1. 'विसरू नये म्हणून' असे खाला का म्हणाली असेल?
2. माग दोघांच्या नावावर असता, तर तलाकच्या वेळी काय फरक पडला असता?
3. तुमच्या घरी एका महिन्यात झालेला खर्च मोठ्यांना विचारून वहीत लिहा.