एका अभियंत्याचे सोळा पानी लेखन आणि त्याचे एक लाख उल्लेख

एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी ‘मराठीतील रंगवाचक व परिमाणवाचक विशेषणे’ हा विषय घेतला, तेव्हा वीजशास्त्राच्या एका प्राध्यापकाशी माझी गाठ पडेल असे स्वप्नातही आले नव्हते. काळा आणि काळसर, पिवळा आणि पिवळट, तांबडा आणि तांबूस ह्यांच्यातला फरक नेमका कसा सांगावा, एवढाच माझा साधा प्रश्न होता. संगणकावरून मी संदर्भलेखांची यादी काढली, आणि कोणत्या लेखाचा उल्लेख इतर किती लेखकांनी केला आहे त्या आकड्यांनुसार ती उतरत्या क्रमाने लावली. सर्वांत वर जे नाव आले ते होते लोत्फी झादे. लेख ‘फझी सेट्स’, साल १९६५, उल्लेख एक लाखाच्या वर! मार्गदर्शक सरांना मी ती यादी मोठ्या ऐटीने दाखविली. सरांनी त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, “ह्या एक लाखात कोण कोण आहे?” उत्तर मला देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या उत्तराच्या शोधातून तयार झाला आहे.

प्रथम ही मोजणी आली कोठून ते पाहू. १८७३ च्या सुमारास अमेरिकेत फ्रँक शेपर्ड ह्याने वकिलांसाठी एक सूची सुरू केली. एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, आणि तो निवाडा उचलून धरला गेला की फिरविला गेला, हे तीत खुणांनी दाखविलेले असे. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या ग्रॉस व ग्रॉस ह्या दोघा लेखकांनी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातील तळटीपा मोजल्या. हेतू काय, तर लहान कॉलेजच्या ग्रंथालयाने तुटपुंज्या पैशांत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविणे! आपल्या ग्रंथपालांना हा हेतू मनापासून पटेल. पुढे युजीन गारफिल्ड ह्यांनी शेपर्डची कल्पना विज्ञानासाठी वापरावी असे १९५५ साली सुचविले, आणि १९६४ पासून त्यांची विज्ञानलेखांची उल्लेखसूची नियमितपणे निघू लागली. कला व मानव्यविद्यांसाठी अशी सूची १९७८ मध्ये निघाली. आपली पंगत अशी उशिरा बसली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शेपर्डच्या सूचीत ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ ह्यांच्या खुणा वेगळ्या होत्या. नंतरच्या मोजणीत त्या गळाल्या. स्तुती असो की खंडन, उल्लेख म्हणजे एक.

आता झादे ह्यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १९२१ साली बाकू येथे झाला. वडील इराणी नागरिक व पत्रकार, आई डॉक्टर. दहा वर्षांचे असताना कुटुंब तेहरानला गेले. तेथील विद्यापीठातून १९४२ मध्ये ते विद्युत अभियंता झाले, पुढे अमेरिकेत गेले, १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि १९५९ पासून बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्थिरावले. १९६५ पूर्वीही ते आपल्या शास्त्रात नावाजलेले होते. १९६३ मध्ये डेसोअर ह्यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला प्रणालीशास्त्रावरील ग्रंथ अभियंते आदराने वाचत. तो गणिती काटेकोरपणाचा ग्रंथ आहे. दोनच वर्षांनी ह्याच माणसाने काटेकोरपणाच्या मर्यादेवर लिहावे, ह्यातच सारी गंमत आहे.

‘फझी सेट्स’ हा लेख ‘इन्फर्मेशन अँड कंट्रोल’ ह्या नियतकालिकात आला. पाने सोळा. स्वतः लेखकाने दिलेले संदर्भ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. झादे त्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर होते, हेही सांगून टाकतो. लेखातील मुद्दा कोणालाही समजेल असा आहे. गणितातील संच म्हणजे कुंपण घातलेले शेत: वस्तू एक तर आत, नाही तर बाहेर. पण ‘उंच माणसे’ हा संच घ्या. साडेपाच फुटांचा माणूस त्यात आहे की नाही? झादे म्हणतात, ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे न म्हणता शून्य आणि एक ह्यांच्यामधला एक अंक द्या. ह्या कडा पुसट असलेल्या संचाला मी ‘धूसर संच’ म्हणतो.

१९७२ मध्ये ते आणखी पुढे गेले व थेट आमच्या प्रांतात शिरले. ‘फार’, ‘थोडाफार’ ह्यांसारखे शब्द म्हणजे त्या अंकावर करावयाच्या क्रियाच होत, असे त्यांनी मांडले. ‘फार’ म्हणजे अंकाचा वर्ग. ‘थोडाफार’ म्हणजे वर्गमूळ. समजा एखादा गृहस्थ ०.६४ इतका उंच आहे. मग तो ‘फार उंच’ सुमारे ०.४१ इतका आणि ‘थोडाफार उंच’ ०.८ इतका ठरतो. हे गणित प्रथम करून पाहिले तेव्हा मला, एका मराठीच्या विद्यार्थ्याला, अक्षरशः नाचावेसे वाटले. माझा ‘काळसर’ सुटला, असे वाटले!

पण सरांचा प्रश्न बाकी होता. म्हणून मी उल्लेख करणाऱ्या लेखांपैकी जेवढे मिळाले व कळले तेवढे वाचत सुटलो.

सर्वांत मोठा घोळका अभियंत्यांचा दिसला. १९७३ साली झादे ह्यांनी गुंतागुंतीच्या प्रणालींवर जो लेख लिहिला, तो लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी ह्यांनी वाचला. ममदानी टांझानियात जन्मलेले, भारतात शिकून १९६६ मध्ये इंग्लंडला गेलेले. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन ह्यांनी एक लहान वाफेचे इंजिन धूसर नियमांवर चालविले. ‘दाब बराच कमी असेल तर उष्णता बरीच वाढवा’ अशा धाटणीचे ते नियम; मुरलेला बंबवाला आपल्या हाताखालच्या पोराला सांगेल तसे. जपानने ही कल्पना उचलली. १९८७ मध्ये सेंदाई शहराची भुयारी रेल्वे ह्या पद्धतीच्या नियंत्रणाने धावू लागली, आणि नंतर ‘फझी लॉजिक’ हे शब्द धुलाई यंत्रांवर झळकू लागले. ह्या मंडळींच्या लेखांत झादे ह्यांचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात येतो आणि तेथेच संपतो; घरात शिरताना उंबऱ्याला हात लावावा तसा. अर्थाविषयी झादे ह्यांचे म्हणणे बरोबर की चूक, ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. इंजिन चालले, प्रश्न मिटला.

दुसरा घोळका व्यवस्थापनशास्त्राचा. १९७० मध्ये बेलमन व झादे ह्यांनी धूसर परिस्थितीतील निर्णयांवर जोडीने लेख लिहिला, त्याचे हे वारस. त्यांच्यावर अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या भाषाशास्त्राच्या बाजूचे उल्लेख वाचले आणि माझा आनंद ओसरला. जॉर्ज लेकॉफ ह्यांनी १९७२ साली झादे ह्यांची कल्पना उत्साहाने घेतली खरी. एलेनॉर रॉश ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषीने वर्गाचे काही सभासद अधिक ‘अस्सल’ मानले जातात असे प्रयोगांनी दाखविले होते. चिमणीएवढा शहामृग आपल्याला पक्षी वाटत नाही. लेकॉफना त्याच्याशी मेळ दिसला. पण त्यांनीच एक खोच दाखविली. इंग्रजीतील ‘सॉर्ट ऑफ’ हा शब्दप्रयोग मधल्या अंकांना शोभतो; अंक एकाजवळ गेला की शोभेनासा होतो. वर्गमुळात हे बसत नाही, कारण एकाचे वर्गमूळ एकच. मराठीत पाहा: कोळशाला कोणी ‘काळसर’ म्हणते काय? १९७५ मध्ये हान्स काम्प ह्यांनी दुसरी अडचण काढली. जो माणूस ०.५ उंच, तो ‘उंच आहे आणि उंच नाही’ हे वाक्यही झादे ह्यांच्या नियमाने ०.५ खरे ठरते. वास्तविक असल्या वाक्याला सत्याचा अर्धा वाटा तरी कशाला? १९८१ मध्ये ओशरसन व स्मिथ ह्यांनी जोडसंकल्पनांच्या बाबतीत हाच धागा आणखी उसवला. म्हणजे माझ्या विषयात ज्या उल्लेखांच्या जोरावर झादे यादीच्या शिरोभागी बसले असे मला वाटले होते, त्यांतले मी वाचलेले महत्त्वाचे उल्लेख त्यांच्याशी भांडणारे होते. अभियंत्यांतही विरोधक होतेच. रुडॉल्फ काल्मन ह्यांच्यासारख्या दिग्गजाने १९७२ मध्ये एका परिषदेत, झादे समोर असताना, ह्या साऱ्या प्रकाराला शास्त्रीय शिस्तीची ढिलाई ठरविले. झादे अशा टीकेवर चिडत नसत असे त्यांचे सहकारी सांगतात. १९९५ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना आपले सर्वोच्च पदक दिले. २०१७ मध्ये ते वारले.

ह्या शोधात दोन गोष्टी अशा सापडल्या की त्यांनी आकड्यांवरचा माझा उरलासुरला विश्वासही हलविला. पहिली: १९५२ मध्ये झादे व त्यांचे गुरू रॅगाझिनी ह्यांनी ‘झेड रूपांतर’ ह्या गणिती साधनाला रूप दिले. आज अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी ते गिरवितो, पण मूळ लेखाचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन ह्यांनी ह्या घटनेकडे लक्ष वेधले आहे: कल्पना सर्वांच्या अंगवळणी पडली की लेखकाचे नाव पुसले जाते. दुसरी: १९३७ मध्येच मॅक्स ब्लॅक ह्या तत्त्वज्ञाने संदिग्ध शब्दांची अशीच अंशात्मक मांडणी केली होती. त्याच्या वाट्याला झादे ह्यांच्यासारखे लक्षावधी वाचक आले नाहीत. योगायोग असा की ब्लॅकचाही जन्म बाकूचाच!

हल्ली संशोधकाचे मोल करण्यासाठी २००५ मध्ये हिर्श ह्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचविलेला एच-निर्देशांक वापरतात. ज्याचे वीस लेख प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेखिले गेले, त्याचा निर्देशांक वीस. गंमत पाहा: ह्या हिशोबात एक लाख उल्लेखांचा लेख आणि जेमतेम वीस उल्लेखांचा लेख, दोघांची किंमत सारखी, एक! आणि ज्या शास्त्रात दरवर्षी हजारो लेख निघतात तेथला माणूस, व जेथे दहा वर्षांत एक ग्रंथ होतो तेथला, ह्यांना एकाच गजाने मोजण्यातला अन्याय स्वतः हिर्शनाही दिसला होता. त्यांनी तशी सावधगिरीची सूचना दिली आहे; ती सूचना मात्र फारसे कोणी उल्लेखीत नाही.

मग मी माझ्या यादीकडे परत वळलो. तीत मोरो केशव दामले नव्हते. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये निघाले. आमच्या ग्रंथालयातील प्रतीची पाने हाताळून मऊ झालेली आहेत. पण त्याचे ऋण मान्य केले गेले ते बहुतेक मराठी ग्रंथांत, वर्गातल्या टिपणांत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत, जेथे सूचीकारांचे हात पोचत नाहीत. मी उतरत्या क्रमाने लावलेल्या यादीत मराठीवरील सर्वांत मोठ्या व्याकरणकाराला खालचीही जागा नव्हती, आणि ते मला सरांनी रेघ ओढेपर्यंत खटकलेही नव्हते. ह्याची मला आजही लाज वाटते.

आता यादीत आकड्यांचा रकाना मी ठेवलेला नाही. त्याऐवजी प्रत्येक नावापुढे ‘वापरतो’, ‘भांडतो’, ‘नुसते नाव घेतो’ अशी नोंद आहे. ‘काळसर’चे प्रकरण अजून लिहून व्हायचे आहे. त्यासाठी शिवणाच्या डब्यातले गडद रंगांचे दोरे मी एकेक करून आजीला दाखवितो आणि शून्य ते दहा असे गुण द्यावयास सांगतो. परवा एका दोऱ्यापाशी ती बराच वेळ थांबली. तो मी मनात आधीच सहा गुणांवर बसविला होता. दोरा उजेडात धरून ती म्हणाली, “अरे, हा काळसर नाही, मळलाय.”