आमच्या परसातला शिंजीर

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. १२ नोव्हेंबर १८९६ या दिवशी थोर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म झाला. म्हणून या भित्तिपत्रकात मी एका लहान पक्ष्याविषयी लिहीत आहे.

गेल्या होळीला माझा आतेभाऊ शहरातून आमच्याकडे आला होता. तेव्हा मी तिसरीत होते. आमच्या न्हाणीमागे जास्वंद आहे. सांडपाणी तिकडेच जातं, म्हणून तिला भरपूर फुलं येतात. तिथे एक चिमुकला काळा पक्षी फडफडत होता. आतेभाऊ ओरडला, "हमिंगबर्ड! हमिंगबर्ड!" आणि त्याने मोबाईलवर फोटो काढला. फोटोत फूल छान आलं, पण पक्ष्याच्या जागी नुसता काळा डाग दिसला.

शाळेत मी बाईंना सांगितलं. बाई हसल्या. त्या म्हणाल्या, "अगं, हमिंगबर्ड आपल्या देशात नसतो. तो शिंजीर." शिंजीराला सूर्यपक्षीही म्हणतात. आमची आजी त्याला फुलचुकी म्हणते.

दोघांत फरक काय?

हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. त्यांच्या ३०० पेक्षा जास्त जाती आहेत. जगातला सर्वांत लहान पक्षी हमिंगबर्डच आहे. तो क्युबा या देशात राहतो. त्याचं वजन सुमारे २ ग्रॅम, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याहूनही कमी! हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो आणि मागच्या मागेही उडतो.

आपला शिंजीर सुमारे १० सेंटिमीटर लांब असतो. तोही कधी कधी क्षणभर हवेत थांबतो. पण बहुतेक वेळा फांदीवर बसून, वाकून मध पितो. दोघांचीही चोच लांब असते आणि दोघेही फुलातला मध पितात, म्हणून माणसं फसतात. खरं तर ते एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत.

आमच्याकडे येतो तो जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत नर जांभळा-निळा चमकतो. मादी वरून मातकट आणि पोटाकडे पिवळसर असते. वीण संपली की नराचा थाट जातो. मग तो मादीसारखाच दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते. शिंजीर मधाबरोबर किडे आणि कोळीही खातो.

फोटो कसा काढला?

अप्पांचा मोबाईल मला रविवारी सकाळी मिळायचा. पहिले दोन रविवार मी पक्ष्यामागे पळाले. एकही फोटो आला नाही. मग मी नुसतं बसून बघायला लागले. तेव्हा कळलं की तो त्याच त्याच फुलांवर परत येतो. आणखी एक गंमत दिसली. जास्वंदीच्या फुलात तो समोरून तोंड घालत नाही. देठाजवळ बाजूने भोक पाडतो आणि मध चोरतो! म्हणून मी फुलाच्या समोर न बसता बाजूला बसले.

पक्षी काळा का येतो तेही बाईंनी सांगितलं. त्याची ती चमक रंग लावल्यासारखी नसते. पिसांच्या बारीक रचनेवर ऊन पडलं की ती दिसते. सावलीत तोच पक्षी काळा दिसतो. म्हणून सूर्य आपल्या पाठीशी हवा. मी पालथ्या घमेल्यावर मोबाईल टेकवला, म्हणजे हात हलत नाही. तिसऱ्या रविवारी फोटो मिळाला. तोच या लेखाखाली लावला आहे. एक पंख पुसट आलाय, पण गळा बघा कसा चमकतोय.

माझी चूक

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला बरं वाटत नाही. पण बाई म्हणाल्या, "तेच लिही."

आमच्या डाळिंबाच्या झाडाला शिंजिराने घरटं बांधलं होतं. ते पिशवीसारखं लोंबतं. गवत, धागे, सालीचे तुकडे कोळ्याच्या जाळ्यांनी चिकटवून मादी ते बांधते. बाजूला दार आणि दारावर छोटीशी पडवी असते. लांबून वाटतं, कचराच अडकलाय. म्हणूनच ते कुणाला सापडत नाही.

फोटोत घरट्याचं दार दिसेना. पुढे पानं येत होती. मी दोन डहाळ्या मोडल्या आणि सहा फोटो काढले. फोटो फार छान आले. संध्याकाळी मादी परत आली, तेव्हा मला वाटलं काही बिघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घरटं फाटलेलं. खाली अंड्याची टरफलं पडली होती. आजी म्हणाली, "कावळ्याचं काम असणार."

मी विचारलं, "कावळ्याला कसं दिसलं गं?"

आजी काही बोलली नाही. तिने मोडलेल्या डहाळ्यांकडे पाहिलं. मग मला समजलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

ते सहा फोटो अजून मोबाईलमध्ये आहेत. ते मी भित्तिपत्रकावर लावले नाहीत.

काही दिवसांनी मादी गोठ्याच्या कोपऱ्यातून कोळ्याची जाळी चोचीत नेताना दिसली. मी आईला सांगितलं, "त्या कोपऱ्यातली जाळी झाडू नकोस." आईने पाडव्याची झाडलोट केली, पण तो कोपरा तसाच ठेवला. नवं घरटं डाळिंबाच्या पलीकडच्या अंगाला झालं. मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बघायचे. अंडी मादी एकटीच उबवते. पिलं झाल्यावर मात्र नर आणि मादी दोघंही किडे आणून भरवतात. एके सकाळी दोन पिलं फांदीवर बसलेली दिसली. मोबाईल आतच होता. मी तो आणायला गेले नाही.

लक्षात ठेवा

१. पक्ष्यामागे पळू नका. फुलाजवळ गप्प बसा.
२. सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढा.
३. मोबाईल कशाला तरी टेकवा. एकदम चार-पाच फोटो काढा, एखादा साधतो.
४. फ्लॅश लावू नका.
५. घरट्याजवळ जाऊ नका. एक पानसुद्धा तोडू नका. पानं हेच त्याच्या दाराचं कुलूप असतं.

पालकांना विनंती : दारात एक जास्वंद लावा आणि त्या झाडावर औषध फवारू नका. शिंजीर आपण होऊन येईल.

— इयत्ता ४ थी