‘अजून’ हा छोटा शब्द



“मला गणित येत नाही,” असे मूल म्हणाले, तर त्याला एक शब्द द्या: “अजून येत नाही.” मग शिकायला वाट उरते.

आपल्याच जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट राहिले. ते शिक्षक झाले. २००९ मध्ये परितेवाडीच्या (ता. माढा) मोडकळीस आलेल्या शाळेत रुजू झाले, शेजारी गुरांचा गोठा. पुढे पाठ्यपुस्तकांना त्यांनी क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

म्हणून प्रगतिपुस्तक पाहताना “किती गुण?” एवढ्यावर थांबू नका. “कुठे अडले? आता वेगळे काय करून पाहशील?” असे विचारा. आणि हेच प्रश्न स्वतःलाही विचारा. आपणही अजून शिकतच आहोत.