अदृश्य वाटेचे मोजमाप

अज्ञात लिपी वाचायची असेल, तर प्रथम ज्ञात मजकुराचा आधार शोधावा, ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित आहे. इंडो-ग्रीक राजांच्या अनेक नाण्यांवर एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लेख असे. ग्रीक लेखातील राजांची नावे वाचता येत होती. त्यांच्या आधारे एकोणिसाव्या शतकात खरोष्ठीची अक्षरे उलगडली. आपल्या हातातील मोबाइल फोनही दर सेकंदाला शेकडो वेळा हेच करीत असतो.

टॉवरवरून निघालेली लहरी फोनपर्यंत एकाच वाटेने येत नाही. इमारती, झाडे, वाहने यांवर आपटून ती अनेक वाटांनी, थोड्याफार विलंबाने पोहोचते. क्रांती चौकात उभा असलेला माणूस चार पावले पुढे सरकला, तरी या वाटांचा मेळ बदलतो. या साऱ्या वाटांच्या एकत्रित परिणामास 'चॅनेल' म्हणतात. तो जाणण्यासाठी टॉवर मधूनमधून असा संकेत पाठवितो, जो फोनला आधीच ठाऊक असतो. यास 'पायलट' संकेत म्हणतात. काय पाठविले हे ठाऊक आणि काय मिळाले हे समोर. त्यावरून वाटेने काय बदल केला, हे कळते.

एकाहून अधिक ॲंटेना असल्यास गणित अधिक रंजक होते. समजा, टॉवरवर दोन व फोनवर दोन ॲंटेना आहेत. प्रथम टॉवरच्या पहिल्याच ॲंटेनाने 1 हा ज्ञात संकेत पाठविला; फोनच्या दोन ॲंटेनांना 0.8 व 0.2 मिळाले. नंतर दुसऱ्याने 1 पाठविला, तेव्हा 0.3 व 0.9 मिळाले. चारही वाटा मोजल्या गेल्या. आता दोन्ही ॲंटेनांनी एकाच वेळी x व y हे वेगवेगळे संदेश पाठविले आणि फोनला 1.9 व 1.3 मिळाले, तर

0.8x + 0.3y = 1.9
0.2x + 0.9y = 1.3

यावरून x = 2, y = 1. मिसळलेले दोन संदेश वेगळे झाले! प्रत्यक्षात लहरीची कला आणि गोंगाटही विचारात घ्यावा लागतो; परंतु गाभा इयत्ता दहावीतील 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हाच आहे. "ही समीकरणे पुढे कुठे उपयोगी पडतात?" या वर्गात नेहमी येणाऱ्या प्रश्नाचे हे एक उत्तर होय.

या विद्येचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. 1935 साली पुण्यात जन्मलेले थॉमस कैलाथ पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1956 मध्ये पदवीधर झाले व अमेरिकेतील एमआयटी संस्थेत गेले. सतत बदलणारा चॅनेल मोजता येईल काय, या प्रश्नावर त्यांनी तेथे मूलभूत काम केले. लहरींच्या विलंबाचा विस्तार आणि चॅनेलच्या बदलाची गती यांचा गुणाकार एकापेक्षा कमी असेल, तरच मोजमाप शक्य होते, अशी मर्यादा त्यांनी दाखविली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांच्यासमवेत आरोग्यस्वामी पॉलराज होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले हे नौदल अधिकारी. अनेक ॲंटेनांवरून एकाच वेळी वेगवेगळे संदेश पाठविण्याच्या कल्पनेसाठी दोघांनी 1992 मध्ये पेटंटचा अर्ज केला. 1994 मध्ये ते मिळाले.

मात्र मोजमाप फुकट होत नाही. समजा, चॅनेल बदलण्यापूर्वी शंभर संकेत पाठविण्याइतका वेळ मिळतो. दोन ॲंटेनांचे पायलट दोन घेतील, संदेशासाठी 98 उरतील. 64 ॲंटेना असल्यास केवळ 36 उरतील. यावर उपाय असा की, पायलट फोनने पाठवावा आणि मोजमाप टॉवरने करावे. कंप्रता एकच असेल, तर जाण्याची व येण्याची वाट सारखीच असते. म्हणून 64 ॲंटेनांना एकच पायलट पुरतो. परंतु शेजारच्या टॉवरच्या कक्षेतील फोनने तोच पायलट वापरला, तर दोन वाटांची मोजमापे एकमेकांत मिसळतात. हा प्रश्न आजही संशोधकांपुढे आहे.

विद्यार्थ्यांनी वरील उदाहरणात 0.3 व 0.9 ऐवजी 0.4 व 0.1 घेऊन पाहावे. निश्चयकाची किंमत शून्य येते आणि संदेश वेगळे करता येत नाहीत. असे का व्हावे, याचा शोध त्यांनी स्वतः घ्यावा. या विद्येचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.