लडाखमधील कुटुंबशेतीचा हिवाळा : साठवण, पशुधन आणि भाजीपाला

लेह परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी साधारण १०० मि.मी. इतकेच पर्जन्यमान असते. हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. बहुतेक गावांत जव, गहू अथवा वाटाण्याचे वर्षातून एकच पीक येते. कापणीनंतरचे पाच-सहा महिने लहान शेतकरी कुटुंब साठवणीवरच निभावते.

दिनचर्या : परंपरागत घराच्या भिंती जाड मातीच्या विटांच्या असतात. तळमजल्यावर जनावरे व वरच्या मजल्यावर माणसे राहतात. सारे कुटुंब स्वयंपाकघरातील शेगडीभोवती एकत्र येते. शेगडीसाठी वाळवलेले शेण व काटक्या वापरतात. भाजलेल्या जवाचे पीठ, सुकवलेली भाजी, वाळवलेले जर्दाळू व सुके चीज हा आहाराचा आधार असतो. मोकळ्या वेळात लोकर कातली जाते. कोरड्या शौचालयात माती व राख टाकून तयार झालेले खत वसंत ऋतूत शेतात जाते.

चाऱ्याचा हिशेब : लसूणघास व पेंढा वाळवून गच्चीवर रचला जातो. हा साठा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपला, तर दूध घटते आणि नांगरणीच्या तोंडावर झो (याक व गायीचा संकर) अशक्त होतो. म्हणून साठ्याचे गणित शरद ऋतूतच मांडावे. २०० किलो वजनाच्या जनावरास वजनाच्या २.५ टक्के, म्हणजे दररोज ५ किलो शुष्क पदार्थ धरल्यास दोन जनावरांना १५० दिवसांसाठी १,५०० किलो लागतो. सुक्या चाऱ्यात ९० टक्के शुष्क पदार्थ व १० टक्के नासाडी गृहीत धरता प्रत्यक्ष साठा सुमारे १,८५० किलो असावा. साठा अपुरा दिसल्यास जनावरांची संख्या वा चारा खरेदी यांचा निर्णय हिमवर्षावापूर्वीच घ्यावा. पिण्यास कोमट पाणी द्यावे. गोठ्यात कोरडे अंथरूण ठेवावे आणि अमोनिया साचू नये म्हणून उंचावर लहान झरोका मोकळा ठेवावा.

कंदमुळांची साठवण : बटाटा, गाजर, मुळा व सलगम जमिनीखालील खड्ड्यात ठेवतात, कारण खोलवरची माती सहसा गोठत नाही. कंद धुऊ नयेत. जखमी व किडके कंद वेगळे काढावेत. गाजर-मुळ्याची पाने कापून वाळूच्या थरांत रचावेत. बटाटा अंधारात ठेवावा. उजेडात तो हिरवा पडून खाण्यास अयोग्य होतो. ठरावीक दिवसांनी साठा तपासून सडलेले कंद काढून टाकावेत.

हिवाळी हिरवी भाजी : सुमारे ३ फूट खोल चर खणून त्यावर पॉलिथीन अंथरल्यास पालक, कोथिंबीर व मेथी घेता येते. दिवसा ऊन आत जाते. रात्री चर घोंगडी अथवा गवताच्या चटईने झाकावा. दक्षिणमुखी हरितगृहात उत्तरेची जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता धरून ठेवते व रात्री सोडते. दुपारी थोडा वेळ वायुवीजन न केल्यास बाष्प साचून बुरशीजन्य रोग बळावतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : हिवाळ्याविषयीचे मार्गदर्शन थंडी पडल्यावर केल्यास उपाय उरत नाहीत. कापणीच्या काळातच प्रत्येक कुटुंबासोबत चारा, धान्य, भाजी व इंधन या चार बाबींचा ताळेबंद मांडावा. साठवण व जनावरांची निगा बहुधा स्त्रियांकडे असल्याने त्यांचा सहभाग या नियोजनात अनिवार्य मानावा.