आपला ड्रायर आणि त्याचं झाकण

माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी थोडं 'मिक्स' आहे हे आधीच सांगून टाकते. विषय मात्र शंभर टक्के घरचा आहे. इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळाल्यापासून घरात काहीही बंद पडलं की एकच वाक्य ऐकू येतं, "तू इंजिनिअर ना? मग बघ की!" पंखा, मिक्सर, इस्त्री आणि पावसाळ्यात हमखास ड्रायर. म्हणून हा लेख.

ड्रायर म्हणजे नेमकं काय?

परदेशात ड्रायर म्हणजे गरम हवेत कपडे घोळवून वाळवणारं वेगळं मशीन. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या उजव्या-डाव्या बाजूच्या छोट्या टबला ड्रायर म्हणतात. तो कपडे वाळवत नाही, पिळतो. फरक किती मोठा आहे बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश युनिट वीज लागते. ड्रायरची मोटर १५० वॅटची धरली आणि पाच मिनिटं चालवली, तर खर्च होतो ०.०१२५ युनिट. पिळून जेवढं पाणी निघतं तेवढं जवळजवळ फुकटच निघालं म्हणायचं. उरलेला ओलावा दोरीवर वाळतो.

हे काम सेंट्रिफ्युगल फोर्स करतो. आत चार पोलची सिंगल फेज इंडक्शन मोटर असते. ५० हर्ट्झला सिंक्रोनस स्पीड १५००, स्लिप वजा करून १३५० आरपीएम धरू. टबची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरली, तर भिंतीला चिकटलेल्या कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४० पट जोर येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आतली रचना

मशीनची पाठ उघडली की दोन मोटर दिसतात. धुण्याची मोटर बेल्टवर चालते. ड्रायरची मोटर टबच्या बरोबर खाली, स्प्रिंग आणि रबरच्या तीन पायांवर उभी असते आणि कपलिंगने थेट टबच्या शाफ्टला जोडलेली असते. त्या कपलिंगवरच ब्रेक घासतो. ब्रेकची तार वर झाकणापर्यंत जाते. झाकण बंद केलं की तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. त्याच वेळी झाकणाचा स्विच दाबला जाऊन करंट सुरू होतो. झाकण उघडलं की करंट तुटतो आणि स्प्रिंग ब्रेक लावते.

यातली गंमत अशी, की तार तुटली तर ब्रेक लागलेलाच राहतो. म्हणजे बिघाड झाला तरी मशीन सुरक्षित बाजूलाच पडतं. याला फेल-सेफ म्हणतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८७२ च्या ऑटोमॅटिक एअर ब्रेकमध्ये हीच कल्पना आहे: पाइप फुटून हवेचा दाब गेला की गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. तेच डोकं आपल्या मोरीतल्या मशीनमध्ये वापरलेलं आहे!

बिघाड कसा शोधायचा?

पहिला नियम: पाठ उघडण्याआधी प्लग काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, म्हणून त्याची टोकं आधी रेझिस्टरने डिस्चार्ज करायची. हे लॅबमध्ये केलेलं नसेल तर तिथे हात घालू नका, माहीतगार माणसाला बोलवा.

१) *अजिबात आवाज नाही.* प्लगमध्ये वीज आहे का, झाकण नीट बसलंय का, टायमर फिरवलाय का, हे आधी बघा. नंतर मल्टिमीटर घेऊन झाकणाचा स्विच, टायमर आणि मोटरचं वाइंडिंग, या क्रमाने कंटिन्युइटी तपासा. मोटर खूप तापली असेल तर तिचा थर्मल प्रोटेक्टर उघडलेला असू शकतो. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या.

२) *घूं घूं आवाज येतो, पण टब फिरत नाही.* लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. कारणं तीन. एक, मोजा किंवा रुमाल टबच्या कडेवरून खाली जाऊन अडकलाय. दोन, ब्रेक सुटत नाहीये. तीन, कपॅसिटर गेलाय. सिंगल फेज मोटरला स्वतःचा स्टार्टिंग टॉर्क नसतो, हे आपण व्हायवात पोपटासारखं सांगतो. ते इथे प्रत्यक्ष दिसतं. प्लग काढून, झाकण बंद ठेवून मागून कपलिंग हाताने फिरवा. झाकण उघडं ठेवलंत तर ब्रेक लागलेला असणार आणि तुम्ही उगाच बेअरिंगला दोष द्याल. सहज फिरलं तर संशय कपॅसिटरवर. नवा घेताना जुन्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड तेच हवेत आणि व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. चालू मशीनमध्ये हात घालून टबला 'धक्का' देऊन बघू नका.

३) *मशीन नाचतं.* बहुतेक वेळा चूक भरण्याची असते. एका बाजूला १०० ग्रॅम जास्त भार असला तरी २४० पटीच्या हिशोबाने २४ किलोचा झटका प्रत्येक फेरीला बसतो. कपडे थोडे भरा, सगळीकडे सारखे दाबा, वर जाळीची चकती बसवा. जीन्स एकटी टाकू नका. तरीही नाचलं तर मशीनचे पाय आणि मोटरखालचे रबर तपासा.

४) *कपडे ओलेच राहतात.* आधी ड्रेनचा पाइप बघा. तो वर उचललेला किंवा मुडपलेला असेल तर पाणी बाहेरच्या टबात साठतं आणि आतला टब त्या पाण्यात घासत फिरतो. घासणारा ब्रेक किंवा कमजोर कपॅसिटरमुळेही स्पीड उतरतो. स्पीड निम्मा झाला तर पिळण्याचा जोर एक चतुर्थांश होतो, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

५) *मशीनखाली पाणी.* शाफ्टभोवतीचं रबरी सील, बाजारात त्याला 'बेलो' म्हणतात, ते फाटलेलं असू शकतं. हे पाणी थेट मोटरवर पडतं. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत ड्रायर बंद ठेवा. मशीनला चांगलं अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा.

आता झाकणाबद्दल

आमच्या शेजारच्या काकूंचा ड्रायर झाकण उघडं असतानाही चालायचा. मी विचारलं तर कौतुकाने म्हणाल्या, "अगं, तो स्विच सारखा बिघडायचा ना, मेकॅनिकने कटकटच काढून टाकली. दोन वायरी जोडून दिल्या."

कटकट नाही, सुरक्षा काढून टाकली होती. विचार करा: झाकण उघडलं तर ब्रेक लागतो, पण करंट चालूच. मोटर ब्रेकशी कुस्ती खेळत राहते, तापते आणि ब्रेकचा पॅड झिजवते. एक दिवस पॅड इतका झिजतो की थांबलेला टब, आत हात असताना, पुन्हा फिरतो. ओली ओढणी किंवा साडीचा पदर हाताला गुंडाळला गेला तर ओढून घ्यायला एक फेरीही पुरते. आणि काकूंकडे सुट्टीत चार वर्षांचा नातू येतो.

काकूंना मी आकडेमोड सांगितली नाही. फक्त म्हटलं, "काकू, नातवाचा हात आहे." त्याच संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून नवा स्विच बसवून घेतला. छोटासा पार्ट, अर्ध्या तासाचं काम.

देखभाल

खिशातली नाणी, सेफ्टी पिना काढा. काम झाल्यावर प्लग काढून झाकण उघडं ठेवा, म्हणजे कुबट वास येत नाही. तळाला उंदरांसाठी जाळी लावा, त्यांना वायरी फार आवडतात. महिन्यातून एकदा रिकामा ड्रायर चालवून झाकण उघडा आणि टब थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. हात लांब ठेवून, बरं का. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत १५ सेकंदांची मर्यादा दिलेली असते. त्याहून जास्त लागले तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत वापर बंद.

आपण डिझाइनच्या पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टी लिहून मार्क मिळवतो. घरी मात्र 'चालतंय ना, मग झालं' म्हणतो. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आईच्या ड्रायरचं झाकण एकदा उघडून बघा. करंट तुटला नाही, तर दुरुस्तीची यादी तिथूनच सुरू करा.