अभ्यासपाठ : मोटर न्यूरॉनचा आजार आणि आपली जबाबदारी



काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेला असताना, आम्ही एका आजारी गृहस्थांना कम्युनियन देण्यासाठी त्यांच्या घरी गेलो होतो. हातपाय गळालेले, मान एका बाजूला कललेली, बोलणे पूर्ण बंद. खाटेजवळ उभे राहून आम्ही त्यांच्या पत्नीला विचारले, "यांना काही समजतं का?" बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता काढला आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवू लागल्या. हवे ते अक्षर आले की ते गृहस्थ डोळे मिटत. पाच-सात मिनिटांनी वाक्य तयार झाले : "फादर, मलाच विचारा."

आम्ही खजील झालो. सेमिनरीत असताना देह आणि आत्मा या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. परीक्षा मात्र त्या खाटेपाशी झाली आणि तिथे आम्ही नापास झालो. आपल्याकडून तरी अशी चूक होऊ नये, म्हणून आजच्या पाठासाठी हा विषय घेतला आहे.

हा आजार काय आहे?

आपल्याला हात उचलायचा असतो तेव्हा मेंदूतील एक चेतापेशी मज्जारज्जूतील दुसऱ्या चेतापेशीला निरोप देते आणि ती स्नायूला देते. निरोप नेणाऱ्या या पेशींना मोटर न्यूरॉन म्हणतात. या आजारात त्या हळूहळू मरत जातात. निरोप मिळेनासा झाला की स्नायू सुकतो. सुरुवात अगदी साधी असते. सदऱ्याचे बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते किंवा जीभ जड होते. पुढे गिळणे आणि शेवटी श्वास घेणे अवघड होते. फ्रेंच डॉक्टर जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ साली या आजाराचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला ए.एल.एस. म्हणतात.

तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवू या. पहिली, हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या शेजारी बसल्याने, त्याला भरवल्याने तो आपल्याला होत नाही. दुसरी, ही करणी नव्हे, शाप नव्हे आणि कुणाच्या पापाची शिक्षाही नव्हे. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांच्या घराण्यात तो पूर्वी कुणालाही झालेला नसतो. तिसरी, बहुतेक रुग्णांना ऐकू येते, दिसते, स्पर्श कळतो. काहींच्या विचारात वा स्वभावात फरक पडतो, थोड्यांना डिमेन्शियाही होतो. परंतु बोलणे बंद झाले म्हणजे समज गेली, असे मुळीच नाही.

लक्षणे दिसू लागल्यापासून बहुसंख्य रुग्ण दोन ते पाच वर्षे जगतात. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, एकविसाव्या वर्षी हा आजार असल्याचे कळले आणि ते २०१८ पर्यंत, म्हणजे वयाच्या ७६ व्या वर्षापर्यंत जगले. ते ईश्वर मानत नव्हते, तरीही १९८६ पासून ते व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य होते. पण त्यांचे उदाहरण फार विरळा आहे. त्यावरून कुणाला खोटी आशा देऊ नये.

संशोधन कुठवर आले?

रिलुझोल या औषधाला १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आजार बरा करीत नाही, पण आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. १९९३ साली एस.ओ.डी.१ या जनुकातील दोष सापडला. त्या जनुकावर नेमके काम करणारे टोफर्सन हे औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाले. दोष सापडण्यापासून औषध येण्यापर्यंत तीस वर्षे गेली! ते पाठीच्या कण्यातून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात टोचतात. मात्र असा दोष असणारे रुग्ण शंभरात दोनच्या आसपास असतात. इतरांना त्याचा उपयोग नाही.

अपयशातही शिकण्यासारखे आहे. २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालेले एक औषध पुढच्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले आणि २०२४ साली कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. आपले औषध चालत नाही हे उघड मान्य करणे, हीसुद्धा रुग्णाची सेवाच होय.

याउलट, हमखास गुण येण्याच्या जाहिराती पाहून माणसे वाडी विकतात, दागिने गहाण टाकतात. इथे सावध राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, या आजारासाठी स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे. खऱ्या चाचणीची सरकारी नोंद असते आणि तीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात नाहीत. कुणी लाखो रुपये मागितले तर आधी न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घ्या.

शुश्रूषेचे मोल

"औषध नाही, मग आम्ही करायचे तरी काय?" असे घरची माणसे विचारतात. याचे उत्तर संशोधनानेच दिले आहे. झोपताना नाकातोंडावर मास्क लावून श्वासाला मदत करणारे एक यंत्र असते. त्याला आपल्याकडे बायपॅप म्हणतात. ज्यांच्या घशाचे स्नायू फार दुबळे झालेले नव्हते, अशा रुग्णांचे आयुष्य या यंत्राने सुमारे सात महिन्यांनी वाढले आणि त्यांचे दिवसही अधिक सुखाचे गेले, असे इंग्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हा लाभ रिलुझोलपेक्षा मोठा आहे. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ व परिचारिका एकत्र मिळून काळजी घेतात तिथेही रुग्ण अधिक जगतात, असे आयर्लंडमधील २००३ च्या अभ्यासात आढळले.

घरी काय करता येईल? रुग्णाला ताठ बसवून, घाई न करता भरवावे. पातळ पाण्याने ठसका लागतो. घट्ट पेज, मऊ भात बरा. गिळणे कठीण होऊ लागताच पोटात नळी बसवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. श्वास फार कमजोर होईपर्यंत थांबू नये. रुग्णाला स्वतःला हलता येत नसल्याने त्याची कूस वेळोवेळी बदलावी. बोलणे बंद होण्याआधीच अक्षरांचा तक्ता आणि डोळ्यांच्या खुणा ठरवून ठेवाव्यात.

यंत्र किती, कुठपर्यंत?

पुढे एक अवघड प्रश्न येतो : गळ्याला छिद्र पाडून कायमचे व्हेंटिलेटर लावायचे का? १९५७ साली डॉक्टरांनी असाच प्रश्न विचारला, तेव्हा पोप पायस बारावे यांनी सांगितले की नेहमीचे, साधे उपाय करणे आपले कर्तव्य आहे. परंतु रुग्णावर वा कुटुंबावर अतोनात भार टाकणारे असाधारण उपाय केलेच पाहिजेत, असे बंधन नाही. जीव घेणे वेगळे आणि मरण येऊ देणे वेगळे. पहिले आपल्याला कधीच मान्य नाही. दुसऱ्या बाबतीत प्रार्थनापूर्वक निर्णय घेता येतो आणि तो रुग्णाचा असावा. आपली इच्छा आधी लेखी नोंदवून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. यंत्र नाकारले तरी स्वच्छता, वेदनाशमन आणि सोबत कधीही नाकारायची नसते.

आपण काय करू या?

त्या घरातील बाईंनी निघताना आम्हांला एकच सांगितले : "फादर, तीन वर्षांत मी सलग चार तास झोपले नाही." रुग्णाला भेटायला पुष्कळ लोक येत. "काळजी घ्या" म्हणून, चहा घेऊन जात. तो चहाही त्यांनाच करावा लागे! म्हणून दीर्घ आजारी माणूस असलेल्या घरी जाल तेव्हा दोन तास खाटेजवळ बसा आणि घरच्यांना झोपू द्या. कपडे धुवा, औषधे आणून द्या. वापरात नसलेली व्हीलचेअर किंवा वरखाली होणारी खाट असल्यास दुसऱ्यांना द्या.

रुग्णाला गिळता येत नसेल तर आम्हांला आधी कळवा. होस्तीचा अगदी लहान कण, किंवा तेही शक्य नसल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देण्यास चर्चची परवानगी आहे. तैलाभ्यंग संस्कारासाठी शेवटच्या घटकेची वाट पाहू नका.

आणि खाटेजवळ गेल्यावर, आम्ही केली ती चूक करू नका. खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेसमोर बसा आणि जे विचारायचे ते त्यालाच विचारा. उत्तराला वेळ लागेल. थांबा.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आळीत दीर्घ आजारी कोण आहे? त्याची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला शेवटची सुट्टी कधी मिळाली?
२. रुग्णासमोर, तो जणू तिथे नाहीच, असे आपण कधी बोललो आहोत का?
३. येत्या महिन्यात आपला समूह आठवड्यातून कोणते दोन तास देऊ शकेल? वार व नावे ठरवून धर्मग्राम कार्यालयात कळवावीत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू